उरलेले तुकडे : एक शब्दाभ्यास



आपल्यापैकी बरेच जण संध्याकाळच्या अभ्यासिकेत, वसतिगृहात किंवा रविवारच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवतात. शिकवताना एक अडचण वारंवार येते. ‘तुकडा’ म्हणजे ‘पीस’ हे एकदा पाठ झाले की मूल तोच शब्द सगळीकडे लावते. भाकरीचा पीस, काचेचा पीस, लाकडाचा पीस, चिंधीचाही पीस. व्याकरणाने हे चूक ठरत नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही.

मराठीत आपण असे बोलत नाही. मडके फुटले की त्याचे खापर होते. कपाच्या कडेचा टवका उडतो. भिंतीचे पोपडे निघतात. कागदाचा कपटा होतो, कापडाची चिंधी होते, कुऱ्हाडीखाली लाकडाची ढलपी उडते आणि आरसा दगडावर पडला तर त्याच्या ठिकऱ्या होतात. लिहिता-वाचता न येणारी आजीसुद्धा यातला एकही शब्द चुकीच्या जागी वापरणार नाही.

म्हणून या पाठात मोडक्यातोडक्या वस्तूंच्या नावांचा विचार करू. अशा प्रत्येक नावात तीन गोष्टी असतात. वस्तू कशाची होती, ती कशी मोडली, आणि त्या तुकड्याचे पुढे काय होणार. पहिल्या दोन गोष्टी मुलांना लवकर कळतात. तिसरी आपण मोठ्यांनीही पुन्हा शिकण्यासारखी आहे, कारण देणे आणि घेणे हे आपल्या कामाचे रोजचे अंग आहे.

१. धान्याकडून शब्दांकडे

आपला लातूर जिल्हा तुरीच्या डाळीसाठी प्रसिद्ध आहे. डाळमिलमध्ये तूर जाते ती अख्खी, आणि बाहेर येते ती निरनिराळ्या नावांनी. दाणा नीट दुभंगला तर ती डाळ. ‘डाळ’ या शब्दाचे नाते फुटणे, दुभंगणे या अर्थाच्या संस्कृत धातूशी सांगितले जाते. म्हणजे आपण रोज आदराने ताटात वाढून घेतो तोही एक मोडलेला दाणाच आहे. दाणा वेडावाकडा फुटला, त्याचा बारीक चुरा झाला, तर ती चुनी. चुनी आणि टरफल जनावरांच्या पुढ्यात जाते. दाणा एकच, यंत्रही एकच. पण फुटण्याच्या तऱ्हेवरून नाव ठरते आणि नावावरून ताट की गव्हाण हे ठरते.

ज्वारीचेही तसेच आहे. जात्यावर जाडसर काढली तर भरडा, तो शिजवून ताकाबरोबर खाल्ला तर कण्या, बारीक दळली तर पीठ. तांदळाची कणी अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळते, म्हणून ती कोणाच्या घरी जास्त शिजते हे सांगायला नको. भाकरीला तर आपण मोजमापाचे शब्द दिले आहेत. अर्धी, चतकोर, त्याहून लहान नितकोर, आणि हाताला लागेल तो कुटका.

त्याच भाकरीवरून आलेले दोन वाक्प्रचार शेजारी ठेवून पाहा. ‘चार घास खाऊन जा’ असे म्हणताना बोलावणाऱ्याचे प्रेम दिसते. ‘दुसऱ्याचे तुकडे मोडणे’ असे म्हणताना खाणाऱ्याचा अपमान दिसतो. भाकरी दोन्हीकडे तीच असते. फरक पडतो तो कोणी कोणाला कसे वाढले यामुळे. हे लक्षात ठेवून आता इंग्रजीकडे वळू.

२. इंग्रजीतील आठ शब्द

शिकवताना खालील शब्द याच क्रमाने घ्यावेत. प्रत्येक शब्दाबरोबर प्रत्यक्ष वस्तू दाखवता आली तर उत्तम.

क्रम्ब : पाव, केक, बिस्किट यांचा खाली सांडणारा चुरा. लिहिताना शेवटी ‘ब’चे अक्षर येते, पण उच्चारात ते गळते, हे मुलांना आधीच सांगावे. यावरून आलेले क्रियापद क्रम्बल, म्हणजे चुरा होणे किंवा कुस्करणे. त्यात मात्र ‘ब’ उच्चारला जातो. जुनी मातीची भिंत ढासळू लागली तरी इंग्रजीत हेच क्रियापद चालते.

चिप : मराठीतला टवका. कपाची कड किंचित उडाली तर तो कप ‘चिप्ड’ आहे, ‘ब्रोकन’ नाही. ‘ब्रोकन’ म्हटले की कप फुटला. लाकडाच्या ढलपीलाही चिप म्हणतात. बटाट्याचे चिप्स आणि मोबाइलमधली चिप यांत तोच शब्द आहे, कारण दोन्ही पातळ, छोटे काप आहेत.

स्प्लिंटर : लाकडाचा टोकदार, लांबट तुकडा, जो बोटात शिरतो. मराठीत त्याला सल म्हणतात, आणि मनात राहून गेलेल्या दुःखालाही सलच म्हणतात. पक्षातून फुटून निघालेल्या गटाला इंग्रजीत स्प्लिंटर ग्रुप म्हणतात.

शार्ड : काचेचा किंवा मातीच्या भांड्याचा धारदार तुकडा. भांड्याच्या बाबतीत मराठीत खापर. उत्खनन करणारे अभ्यासक यालाच शर्ड असेही म्हणतात. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील जमिनीतून अशी खापरे मिळाली आहेत. गाव केव्हा वसले आणि त्याचा व्यापार कुठवर होता, हे ठरवताना अभ्यासक त्यांचा आधार घेतात. दोष देताना आपण एखाद्याच्या डोक्यावर खापर फोडतो. अभ्यासक मात्र तेच खापर हातात घेऊन वाचतो.

फ्लेक : पातळ पापुद्रा किंवा पोपडा. रंगाचा, मक्याच्या पोह्यांचा, बर्फाचा.

शेड, म्हणजे सावलीचा शब्द नव्हे, तर श्रेड : फाडून किंवा किसून केलेली लांब पट्टी. कोबी चिरला तर तो ‘श्रेडेड’. पुरावा तिळमात्र नसला तर इंग्रजीत म्हणतात की पुराव्याचा श्रेडही नाही.

स्क्रॅप : काम झाल्यावर उरलेले. शिंप्याकडची चिंधी, कागदाचा कपटा, ताटातले उरलेले अन्न, आणि लोखंडाचे भंगार. या शब्दात थोडा टाकाऊपणा आहेच.

फ्रॅगमेंट : मूळ मोठ्या वस्तूची आठवण ठेवणारा तुकडा. हा शब्द लॅटिनमधल्या ‘मोडणे’ या क्रियापदापासून आला. हाड मोडल्यावर डॉक्टर सांगतात ते फ्रॅक्चर, गणितातला अपूर्णांक म्हणजे फ्रॅक्शन, आणि काचेच्या खोक्यावर लिहिलेले फ्रॅजाइल, हे सगळे त्याचेच भाऊबंद.

यांखेरीज ढिगाऱ्यासाठी दोन शब्द आहेत. पडलेल्या घराच्या दगडविटा म्हणजे रबल. पूर, वादळ किंवा अपघात यांनंतर पसरलेली सर्व प्रकारची मोडतोड म्हणजे डेब्री. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आपल्या जिल्ह्यात ‘ढिगारा’ हा शब्द अजूनही सहज उच्चारला जात नाही. मुलांना रबल शिकवताना हे भान असावे. वर्गातल्या एखाद्याच्या घरात ती आठवण असू शकते.

स्क्रॅप आणि फ्रॅगमेंट यांतला फरक एका उदाहरणाने पक्का होईल. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे. साधारण ९ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या तळहातात सहज मावेल एवढा. १९२० मध्ये तो इजिप्तमध्ये इतर जुन्या कागदपत्रांबरोबर विकत घेतला गेला आणि १९३५ मध्ये सी. एच. रॉबर्ट्स यांनी त्यावरचा मजकूर ओळखून प्रसिद्ध केला. त्याच्या दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळींचे अवशेष आहेत, आणि नव्या कराराच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्याची गणना होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात तो स्क्रॅप असता. ज्याला पूर्ण ग्रंथ ठाऊक आहे त्याच्या हातात तो फ्रॅगमेंट झाला. तुकडा तोच होता. त्यामागचे पूर्ण रूप कोणाला दिसले, एवढाच प्रश्न होता.

३. पवित्र शास्त्रातील तुकडे

शास्त्रातही हे शब्द नेमकेपणाने आलेले आहेत. चार ठिकाणे पाहू.

खापर. ईयोब राखेत बसून अंग खाजवायला खापराचा तुकडा घेतो (ईयोब २:८). घरातले सर्व गेल्यावर हाताला लागणारी वस्तू म्हणजे खापर. त्या काळी गोरगरिबांचा लिहिण्याचा कागदही खापरच होता. १९३५ मध्ये लाखीश येथे शाईने लिहिलेली अशी खापरे सापडली, आणि त्यांवर वेढ्याच्या काळातील पत्रे होती.

कुसळ. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. मत्तय ७:३ मध्ये मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काडी, कस्पट असा आहे. इंग्रजीत जुन्या भाषांतरांनी मोट, म्हणजे धुळीचा कण, असा शब्द घेतला. मराठीतले कुसळ मात्र शेतातले आहे. माळावरून चालून आल्यावर धोतराला, लुगड्याला चिकटलेली कुसळे ज्याने उपटली आहेत त्याला हा उपदेश वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चुरा. मत्तय १५ आणि मार्क ७ मध्ये एक परक्या समाजाची आई आपल्या मुलीसाठी विनंती करते. तिला कठीण उत्तर मिळते. ती माघार घेत नाही. मेजाखाली पडलेला चुराही पुरेसा आहे, अशा अर्थाचे ती बोलते, आणि तिची मुलगी बरी होते. येथे चुरा हा शब्द घेणाऱ्या बाईने स्वतःच्या तोंडाने वापरला आहे. देणाऱ्याने तो वापरला असता तर त्याचा अर्थ फार निराळा झाला असता. गोष्टीच्या शेवटी प्रभू तिला चुरा देत नाही. तिच्या विश्वासाची वाखाणणी करून तिने मागितले ते पूर्ण देतो.

तुकडे. योहान ६ मध्ये पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला प्रभू सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात. मूळ ग्रीक भाषेतील या तुकड्यांचा शब्द ‘मोडणे’ या क्रियापदापासून बनला आहे, आणि आद्य मंडळीच्या ‘भाकर मोडण्या’तही तेच क्रियापद आहे. म्हणजे या शब्दाचा रोख मोडून वाटण्यावर आहे, चावून टाकण्यावर नाही. लोकांनी तृप्त होईपर्यंत खाल्ले, त्यानंतर उरले. भूक आधी भागली. उरलेल्यावर कोणाला भागवावे लागले नाही.

४. उरलेले, शिळे, उष्टे, खरकटे

इंग्रजीत लेफ्टओव्हर हा एकच शब्द बहुतेक ठिकाणी चालवतात. मराठीत तेवढ्या जागेत चार शब्द आहेत. भांड्यात शिल्लक आहे ते उरलेले. रात्र उलटून गेली की शिळे. कोणाच्या ताटातले, कोणी तोंड लावलेले ते उष्टे. भांड्याला चिकटून राहिले ते खरकटे. उष्टे या शब्दाला इंग्रजीत नेमका एक प्रतिशब्द नाही, कारण त्यामागचा इतिहास आपला आहे.

तो इतिहास कडू आहे. गावकुसाबाहेरच्या माणसांना कामाच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या शिळेपाके आणि उष्टे दिले गेले, आणि ते त्यांचे ‘हक्काचे’ आहे असेही सांगितले गेले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना असे फेकलेले तुकडे खाणे सोडण्याचे आवाहन केले. पोटाचा प्रश्न त्यांना कळत नव्हता असे नाही. कोणत्या नावाने अन्न हातात पडते यावर माणसाची मान वर राहते की खाली जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शास्त्राने गरिबाच्या वाट्याला कोणता शब्द ठेवला आहे? सरवा. पीक काढल्यावर शेतात राहिलेली, गळून पडलेली कणसे म्हणजे सरवा. लेवीय १९:९-१० मध्ये शेतकऱ्याला आज्ञा आहे की कडेकोपऱ्यापर्यंत कापू नको, पडलेले वेचू नको. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. अनुवाद २४ मध्ये विसरलेली पेंढीही परत आणायला जाऊ नको असे सांगितले आहे. ती परदेशी, अनाथ आणि विधवा यांची. हे दान मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. शेतात असतानाच त्याचा तेवढा भाग दुसऱ्याचा झालेला आहे. घेणारा स्वतः येतो, स्वतः वाकतो, स्वतः वेचतो, आणि आपल्या कष्टाचे घेऊन घरी जातो.

आपल्या भागात सोयाबीन निघाल्यावर बायाबापड्या रानात सरवा वेचताना दिसतात. त्यांना पाहिले की रूथचा दुसरा अध्याय वेगळा शिकवावा लागत नाही. रूथही परकी होती आणि विधवा होती. बवाजाने आपल्या गड्यांना सांगितले की पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून तिच्यासाठी टाका, आणि तिला धमकावू नका. जेवणाच्या वेळी त्याने तिला कापणी करणाऱ्यांच्या शेजारी बसवून हुरडा दिला. ती पोटभर जेवली, आणि तिने जे उरवले ते घरी नामीला नेले. ते उरलेले होते, उष्टे नव्हते. गरीब सुनेच्या पदरात सासूसाठी काही उरावे, इतके तिला मिळाले होते. देणाऱ्याने नेम धरावा तो येथे.

इंग्रजीत सरवा वेचण्याला ग्लीन हे क्रियापद आहे. आता ते बहुधा पुस्तकांतून माहिती वेचण्यासाठी वापरले जाते. मुलांना दोन्ही अर्थ सांगावेत. आधी शेतातला, मग पुस्तकातला.

५. ‘मोडकी’ भाषा

शेवटी एक शब्द आपण माणसांवर लावतो, तोही तपासू. ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याच्या बोलण्याला ब्रोकन इंग्लिश म्हणतात. त्याच धर्तीवर आदिवासी मुलांच्या मराठीला आपण ‘मोडकीतोडकी मराठी’ म्हणून जातो.

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर भागात कोलाम आणि गोंड कुटुंबे आहेत. त्यांच्या कोलामी आणि गोंडी या भाषा द्राविड कुळातल्या आहेत, तेलुगू आणि कन्नड यांच्या नात्यातल्या. त्या मराठीच्या मोडून पडलेल्या फांद्या नाहीत. त्यांना स्वतःचे व्याकरण आहे, स्वतःचा शब्दसंग्रह आहे. ज्या मुलाच्या घरी यांपैकी एखादी भाषा बोलली जाते, त्याला शाळेत मराठी ही दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. आपल्यापैकी किती जणांना तीन भाषांत हिशेब आणि प्रार्थना जमते?

अशा मुलाचे अर्धे वाक्य कानावर आले तर ते भंगार नाही. मँचेस्टरमधल्या त्या तुकड्यासारखे त्यामागे एक पूर्ण रूप आहे. फक्त ते आपल्याला वाचता येत नाही.

म्हणून अभ्यासिकेत एक साधी गोष्ट करावी. इंग्रजी शब्द सांगण्याआधी वस्तू दाखवून विचारावे, तुझ्या घरी याला काय म्हणतात? मडक्याचे खापर, भाकरीचा कुटका, लाकडाची ढलपी. मूल आपल्या भाषेतला शब्द सांगेल. तो फळ्यावर देवनागरीत लिहावा, त्याखाली मराठी, त्याखाली इंग्रजी. पहिली ओळ त्याची असली की खालच्या दोन ओळी त्याला लवकर येतात.

मनन आणि चर्चेसाठी

१. आपल्या घरात मोडलेल्या वस्तूंसाठी वापरले जाणारे दहा शब्द लिहा. त्यांपैकी किती शब्द आपल्या मुलांना माहीत आहेत?

२. ‘कप फुटला’ आणि ‘कपाचा टवका उडाला’ ही दोन वाक्ये मुलांकडून इंग्रजीत करून घ्या.

३. योहान ६:१-१३ आणि रूथ २:१४-१८ ही दोन्ही वचने शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे अन्न उरते. ते उरण्याआधी काय घडते?

४. आपण गेल्या महिन्यात जे कपडे, धान्य किंवा पुस्तके दिली, त्यांना घेणाऱ्याच्या घरी कोणता शब्द लागला असेल? चिंध्या की कपडे? शिळे, उरलेले की सरवा?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मंडळीत मोठ्याने सांगण्याची गरज नाही. पुढच्या वेळी पिशवी भरताना ते आठवले तरी पुरे.